नव्याण्णवच्या पुढे

अकबर सरांचा एक नियम होता. पहिला महिनाभर वर्गात नव्याण्णवच्या पुढचा आकडा काढायचा नाही.

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्यांनी एवढं पक्कं ओळखलं होतं, की पोरं गणिताला घाबरत नाहीत, लांबलचक आकड्याला घाबरतात. फळ्यावर तिसरा अंक पडला की मागच्या बाकावरचे चार चेहरे मिटून जातात. निवृत्तीनंतर हडपसरला सय्यदनगरमागच्या घरात, पुढच्या खोलीत, ते मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवू लागले, तेव्हा हा नियमही त्यांनी सोबत आणला. तीन जुने संगणक होते, बाकी मुलं आईबापांचे टाकून दिलेले फोन घेऊन यायची, आणि आकडे सगळे घरातल्या माणसांसारखे ओळखीचे असायचे. बावीस, सत्तेचाळीस, त्र्याऐंशी.

त्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता वर्ग भरला तेव्हा तुलनेच्या चिन्हांचा धडा सुरू होऊन आठवडा झाला होता. पेक्षा लहान, पेक्षा मोठा, बरोबर, बरोबर नाही. मुलांना ही चिन्हं फार आवडली होती. कारण चिन्ह टाकून विचारलं की फोनला हो किंवा नाही असं सरळ उत्तर द्यावं लागतं. मोठ्या माणसांसारखं "बघू" म्हणता येत नाही.

"सर, माझा फोन वेडा झालाय," सबा म्हणाली. अकरा वर्षांची, बोलायला पुढे.

"फोन वेडा होत नाही. आपण वेड्यासारखं सांगतो, तो शहाण्यासारखं ऐकतो. काय म्हणतोय?"

"आमच्या गल्लीच्या मॅचचा प्रोग्राम केला. आमचे रन एकशे दोन, त्यांचे अठ्ठ्याण्णव. फोन म्हणतो, ते जिंकले."

"अंपायर त्यांच्याच गल्लीतला असणार," आमीर मागून म्हणाला.

सगळे हसले. सरही हसले. सबाने नियम मोडून शंभराच्या पुढे उडी मारली होती, आणि उडी मारल्यावरच दिसणारी गोष्ट तिला दिसली होती. असा क्षण आला की सरांना म्हातारपण विसरायला व्हायचं. त्यांनी खडू उचलला.

"नीट ऐका. आपण फोनमध्ये काही टाईप करून दिलं, की फोनला तो आकडा वाटत नाही. त्याला ती अक्षरं वाटतात. आणि अक्षरं तो शब्दकोशासारखी लावतो. शब्दकोशात 'आईस्क्रीम' आधी का 'कप' आधी?"

"आईस्क्रीम," चार-पाच जण म्हणाले.

"का? शब्द तर केवढा लांब आहे."

"पण आ आधी येतो ना."

"तसंच. एकशे दोनचं पहिलं अक्षर एक, अठ्ठ्याण्णवचं पहिलं अक्षर नऊ. एक हा नऊच्या आधी. झाला निकाल. पुढे अजून किती अंक आहेत ते तो बघतही नाही. म्हणून आधी त्याला सांगावं लागतं, बाबा रे, याला आकडा समज. तो आपला उद्याचा धडा आहे."

"मग सर, माझं इतके दिवस बरोबर कसं येत होतं?" आमीरने विचारलं.

"कारण इतके दिवस दोन्ही बाजूंना दोन-दोन अंकच होते. तिथं शब्दकोश आणि गणित एकच उत्तर देतात."

खिडकीजवळ बसलेल्या उत्कर्षाने हात वर केला. तेरा वर्षांची ही मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही. तिची वही मात्र सर इतरांना दाखवायचे. यवतमाळकडचं कुटुंब. वडील अभिनव खराडीच्या एका ऑफिसात कामाला आणि आई, हिरा, एका कारखान्यात.

"सर, एकशे चाळीस हा सत्तरपेक्षा लहान आहे असं म्हणेल?"

"म्हणेल."

"दोनशे दहा?"

"तोही. दोन सातच्या आधी. शाबास, बरोबर पकडलंस."

उत्कर्षाने फोन दप्तरात टाकला. वही टाकली. उठली आणि चपला घालायला दाराशी गेली. तिला एक चप्पल सापडेना. ती समोरच पडली होती.

"उत्कर्षा? कुठे निघालीस?"

"आजीच्या फोनमध्ये आहे, सर," ती म्हणाली. "माझा प्रोग्राम."

खडू सरांच्या हातातच राहिला.

शनिवार त्यांना लख्ख आठवला. भोवती पाच पोरं उभी होती, प्रत्येकाचा फोन नाकाशी. त्यात उत्कर्षा. तिच्या प्रोग्रामवर लाल अक्षरं येत होती. आजीच्या रक्तातली साखर विचारायची, आणि ती सत्तरपेक्षा लहान असेल तर तीन फुल्या दाखवायच्या, नाहीतर एक गोल. सर म्हणाले होते, "फोन रागावलेला नाही. त्याला दोन्ही बाजू एका प्रकारच्या हव्यात, एवढंच." ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि पाच मिनिटांनी परत आली. तिने सत्तरला अवतरणचिन्हं घातली होती. म्हणजे टाईप केलेली साखरही अक्षरं आणि सत्तरही अक्षरं. दोन्ही बाजू एका प्रकारच्या झाल्या, लाल अक्षरं गेली. सरांनी पासष्ट टाकून पाहिले, तीन फुल्या आल्या. पंच्याऐंशी टाकले, गोल आला.

ती अवतरणचिन्हं त्यांना दिसली होती. दिसली नाहीत असं नव्हतं. पोरीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की आकडा करायचा धडा पुढच्या आठवड्यात येईलच, आज कशाला मोडता घाला, असं त्यांनी मनात म्हटलं. "आजीला देणार आहे, सर," ती म्हणाली होती, आणि ते म्हणाले होते, "दे की."

त्यांनी खडू ठेवला. "कधी दिलास?"

"काल संध्याकाळी. काल आजीची साखर ब्याण्णव होती. गोल आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आजी सुई घेते का? इन्सुलिनची?"

"घेते. पण फुल्या आल्या तर घ्यायची नाही, असं मी सांगितलंय. फुल्या आल्या तर ग्लुकोजचं पाणी प्यायचं. मग पंधरा मिनिटांनी परत मोजायचं." तिने दुसरा पाय चपलेत घातला. "परत फुल्या आल्या तर परत प्यायचं. गोल येईपर्यंत."

गोल येईपर्यंत.  नव्याण्णवच्या पुढे, थेट सातशेपर्यंत, गोल येणारच नव्हता.

"आजीला फोन लाव."

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. वडिलांना लावला, त्यांना कामाच्या वेळात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा, तिथेही नुसती रिंग गेली. आईची शिफ्ट सातला सुटायची, तोवर तिचा फोन बंद. सरांनी दोघांना निरोप लिहिले. दुसऱ्या निरोपात 'लोणी' हा शब्द तीनदा चुकला. आजी एकटीच लोणी काळभोरला राहत होती. आजोबा तिथल्या एका कॉलेजात माळी होते, ते गेल्यावरही तिने त्या दोन खोल्या सोडल्या नव्हत्या.

"शेजारी कोणाचा नंबर?"

"मैनाकाकू आहेत. नंबर नाही माझ्याकडे."

"पत्ता सांग. तिथं दवाखान्याची गाडी पाठवता येईल."

"स्टेशनच्या पुढे पाण्याची टाकी आहे. तिच्या मागची बोळ. दार निळं आहे." तिचे ओठ वाकडे झाले. "मला एवढंच माहितीये, सर."

आतून मेहरुन बाहेर आली होती. सरांची बायको, स्वतः दहा वर्षं साखरेची पेशंट. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. तिने हुकावरची स्कूटरची किल्ली काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"पोरांना मी बघते. तुम्ही निघा. आणि चष्मा बदला, हा वाचायचा आहे."

सोलापूर रस्त्याला संध्याकाळी साडेपाचला स्कूटर चालवायची म्हणजे चालण्यापेक्षा फार वेगळं काही नसतं. गाडीतळाच्या पुढे दोन बस शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक उसाचा ट्रॅक्टर तिरपा घुसला होता. सदुसष्टाव्या वर्षी सरांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटपाथवर चाक चढवलं. एक भाजीवाला म्हणाला, "आजोबा, दुकानात यायचंय का?" सरांनी स्कूटर तशीच पुढे काढली.

मागे बसलेली उत्कर्षा आजीला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. रिंग संपली की त्यांच्या पाठीवरची तिची मूठ घट्ट व्हायची.

पंधरा नंबरच्या चौकात सिग्नल लागला. लाल आकडे उलटे मोजत होते. एकशे दहा, एकशे नऊ. सरांना ते बघवेनात.

"सर, आजीला मार्चमध्ये चक्कर आली होती. साखर अठ्ठेचाळीस झाली होती," उत्कर्षा मागून म्हणाली. "ती स्वयंपाकघरात पडली होती, मैनाकाकूंना सापडली. तेव्हापासून घरात सगळे कमी साखरेलाच घाबरतात. म्हणून मी फक्त कमीचंच विचारलं. जास्तीचं विचारलंच नाही."

"आजीला वाचता येतं?"

"आकडे ओळखते. मशीनवर जसे दिसतात तसे फोनवर शोधून दाबायचे, असं शिकवलंय मी. अक्षरं येत नाहीत तिला. म्हणून फुल्या आणि गोल." जरा थांबून ती म्हणाली, "तिला मोठा आकडा म्हणजे जास्त साखर एवढं कळतं, सर. तिला शंका आली असेल. आली असेल ना?"

सरांना हो म्हणायचं होतं. छत्तीस वर्षं मुलांना हो म्हणायची सवय होती.

"तुझ्या शब्दापुढे तिने शंका घेतली असती का?"

 सिग्नल सुटला. "नाही," ती म्हणाली.

मांजरी फाट्याला पुन्हा अडकले. शेवाळेवाडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तर स्कूटर पन्नासच्या वर जाईना. सर मनात गणित करत होते आणि ते गणित थांबवता येत नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिली साखर. चांगली असली तरी शंभराच्या वर. फुल्या. सुई नाही, ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी ती वाढणार, कारण ग्लुकोजने साखर वाढतेच. फुल्या. पुन्हा ग्लुकोज. त्यांनी मुलांना असाच एक खेळ शिकवला होता, उत्तर मिळेपर्यंत तेच तेच करत राहायचं. पोरांनी किती हसत हसत तो केला होता. पण वर्गातल्या खेळात थांबायची जागा असते. ती त्यांनी स्वतः फळ्यावर रंगीत खडूने लिहून दाखवली होती.

कवडीपाट मागे पडलं. "सर, हळू नका चालवू," उत्कर्षा म्हणाली. ते हळू चालवत नव्हते.

निळं दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर एक मध्यमवयीन बाई, शेजारची मैनाबाई, मेथी निवडत बसली होती. उत्कर्षाला बघून ती उठली.

"आलीस व्हय गं? बरं झालं. तुजी आजी सकाळधरनं नुसती पाणी पितीया. धा येळा मोरीला गेली आसंल. म्या म्हनलं, डाक्टरकडं जाऊ या का, तर म्हनती नगं, नातीच्या फोनचं काम चाललंय. दुपारधरनं निजलीय बग. म्या दोनदा हाका मारल्या, तर नुसती हं हं करती."

आत आजी, गोदाबाई, भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली होती. ओठ वाळून पांढरे झाले होते. श्वास खोल आणि जलद चालला होता, जणू जिने चढून आली आहे. उशाशी तांब्या आडवा पडलेला. बाजूला पाटावर सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं, नातीने मांडून दिलं होतं तसंच. साखर मोजायचं मशीन, पट्ट्यांची डबी, ग्लुकोजचा पुडा, चमचा, पेला, फोन. पुडा रिकामा होता. त्याच्याखाली दुसरा पुडा, तोही अर्ध्याच्या खाली आला होता. सकाळची सुई भरून ठेवलेली, टोपण तसंच.

"आजी," उत्कर्षाने तिचा खांदा हलवला. "आजी गं."

गोदाबाईने डोळे किलकिले केले. नातीला ओळखून ती थोडं हसली.

"आला न वं माय," तिची जीभ जड झाली होती. "तुहा गोल आला. लय वेळ लागला पण आला. आता मले झोपू दे."

सरांनी फोन उचलला. पडदा उजळला. सकाळपासून टाकलेले सगळे आकडे एकाखाली एक होते आणि प्रत्येकापुढे तीन फुल्या. एकशे अठरा. एकशे एकोणसत्तर. दोनशे एकतीस. दोनशे नव्वद. तीनशे बावन्न. चारशे पाच. चारशे एकाहत्तर. पाचशे अडतीस. आठ वेळा फुल्या. आणि सगळ्यात खाली, आकड्याच्या जागी, इंग्रजी एच आणि इंग्रजी आय. त्यांच्यापुढे गोल.

हे काय आहे ते सरांना लगेच कळलं, मेहरुनच्या मशीनच्या कागदावर त्यांनीच तिला वाचून दाखवलं होतं. साखर सहाशेच्या पुढे गेली की मशीन आकडा दाखवायचं सोडून देतं आणि ती दोन अक्षरं दाखवतं. म्हणजे माझ्या मापाच्या बाहेर, आता धावा. म्हातारीने ती अक्षरं मशीनवर बघितली, फोनच्या बटणांच्या पाटीवर तशीच शोधली, एकेक करून दाबली. आणि शब्दकोशाच्या हिशेबाने अक्षर अंकाच्या नंतर येतं. म्हणजे सत्तरपेक्षा मोठं. म्हणजे गोल. अख्ख्या दिवसात प्रोग्रामने पहिल्यांदाच 'कमी नाही' असं खरं सांगितलं, आणि ते ऐकून गोदाबाई सुटकेचा श्वास टाकून झोपली.

ग्लुकोजही तेव्हाच थांबलं. नाहीतर दुसरा पुडाही संपला असता.

"मैनाबाई, गाडी कोणाकडे आहे इथं?"

"ज्ञानदेवाची रिक्षा हाय की. ए ज्ञान्या," तिने बोळाकडे तोंड करून हाक दिली, "आरं रिक्षा काड लवकर, गोदामावशीला दवाखान्यात न्यायचंय."

ज्ञानदेव बनियनवरच धावत आला. त्याने आणि सरांनी गोदाबाईला चादरीत घेऊन उचललं. उत्कर्षा पाट तसाच्या तसा उचलून निघाली होती, पेला-चमच्यासकट. सर म्हणाले, "फक्त मशीन आणि फोन घे." तिने पाट खाली ठेवला आणि तो सरळ आहे का ते एकदा वाकून बघितलं. मग मशीन आणि फोन घेतला.

दवाखाना पाच मिनिटांवर होता. डॉक्टर तिशीची, झोप न झालेली, बोलायला तुटक. तिने बोटाला सुई टोचली, मशीनवर तीच दोन अक्षरं आली. सलाईन लागलं, नळीतून रक्त काढलं, पडदा ओढला. वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"पेशंटला सुई चालू आहे, मग आज का घेतली नाही? आणि एवढं ग्लुकोज कोणी दिलं?"

"मी," उत्कर्षा म्हणाली.

"तू?"

"तिने मला विचारून केलं," सर म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जसं घडलं तसं. अवतरणचिन्हांचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर या बाईला कळलंही नसतं. "मी दोन आकडे टाकून बघितले आणि बरोबर आहे म्हटलं. पासष्ट आणि पंच्याऐंशी."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. "शिक्षक आहात?"

"हो."

"छान. माझ्याकडे येणाऱ्या साखरा सगळ्या तीन आकडी असतात. एखादी तुमच्या वर्गातही येऊ द्यायची होती." मग तिने हात पुढे केला. "ते मशीन द्या. त्याच्यात वेळा असतात. किती वाजता किती, ते कागदावर उतरवून द्या मला. याचा उपयोग आहे."

"आजी वाचेल ना?" उत्कर्षाने विचारलं.

"शुद्धीवर आहे, हाक मारली तर ओ देते, हे चांगलं आहे. वय आहे, किडनीवर ताण आलाय. साखर एकदम उतरवता येत नाही, हळूहळूच आणावी लागते. उद्या सकाळपर्यंत मी काही सांगणार नाही." ती पडद्याआड गेली.

बाकावर बसून उत्कर्षाने कागदावर रेघा आखल्या. मशीनचं बटण दाबलं की मागचा आकडा आणि वेळ दिसायची. ती दाबायची, लिहायची. सात दहा, एकशे अठरा. सात पन्नास, एकशे एकोणसत्तर. आठ पस्तीस, दोनशे एकतीस. पंधरा मिनिटं म्हणजे आजीच्या हिशेबाने एक काम उरकेपर्यंत, म्हणून मधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं होतं. झाडलोट झाली असेल, चूल झाली असेल, मग आठवणीने मोजलं असेल. अक्षर तिचं नेहमीसारखं सुबक येत होतं. एक वाजून पाच मिनिटांवर तिने ती दोन इंग्रजी अक्षरं लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"सर, अकरा वाजता तीनशे बावन्न होती. अकरा वाजता मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींना सांगत होते, माझी आजी माझा प्रोग्राम वापरते म्हणून."

सरांना शेकडो मुलांचे डोळे पुसायची सवय होती. चुकलं तर चुकू दे, त्यानेच शिकतो आपण, हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार बसलेलं असायचं. आज ते वाक्य आलं आणि त्यांनी गिळलं. पडद्याआडून गोदाबाईचा तो जिने चढल्यासारखा श्वास ऐकू येत होता.

"शनिवारी मी एकशे वीस टाकून बघायला हवं होतं," ते म्हणाले. "एकदाच. अर्ध्या मिनिटाचं काम होतं."

"तुमचा नियम होता ना."

"हो. माझा नियम होता."

पावणेसातला अभिनव मैनाबाईंना विचारत दवाखान्यात आला, हेल्मेट हातात, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तो आधी पडद्याआड जाऊन आला. मग मुलीजवळ बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांकडे न बघता सगळं ऐकून घेतलं. सरांनी त्यालाही तसंच सांगितलं, काही न वगळता.

"सर, तिला कळत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला तर कळत होतं ना?"

"कळत होतं."

"मग?"

 पोरीचा आनंद मोडायचा नव्हता, हे इथे, या बाकावर, या बापाला सांगता आलं नसतं. अभिनव औषधं आणायला उठून गेला.

सव्वासातला नर्स बाहेर आली. "पाचशे ऐंशी," ती म्हणाली आणि वहीत लिहून परत गेली. मशीन पुन्हा आकडा दाखवू लागलं होतं.

उत्कर्षाने सरांकडे बघितलं. लहान-मोठ्याची सगळी चिन्हं वर्गात सगळ्यात आधी पाठ करणारी मुलगी.

"सर, हे कमी आहे का जास्त?"

सरांनी घाई केली नाही. "दुपारपेक्षा कमी," ते म्हणाले. "हवी त्यापेक्षा खूप जास्त."

"दोन्ही खरं आहे?"

"दोन्ही खरं आहे."

तिने तिच्या कागदावर शेवटच्या ओळीखाली सव्वासात लिहिलं, पुढे पाचशे ऐंशी.

पडद्याआडून हाक आली. आवाज कोरडा, पण शब्द कळत होते. उत्कर्षा आत गेली. सर पडद्याशीच थांबले. गोदाबाईने डोळे पूर्ण उघडले नव्हते. सलाईन नसलेल्या हाताने ती चादरीवर काहीतरी चाचपत होती, बहुतेक फोन.

"पोरी, परत मोजली का वं त्यायनं?"

"मोजली, आजी."

"मंग? गोल आला का?"

उत्कर्षाने मान वळवून सरांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो ते ओळखत होते. वर्षानुवर्षं मुलं त्यांच्याकडे असंच बघत आली होती आणि ते दर वेळी मान हलवून सांगत आले होते, बरोबर आहे, सांग. त्यांनी मान हलवली नाही. काही नकारही दिला नाही. 

ती आजीकडे वळली आणि तिने तो चाचपणारा हात दोन्ही हातांत धरला.

"नाही आला, आजी," ती म्हणाली. "अजून नाही आला. त्या गोलाचं तू आता ऐकू नकोस."